परंतुकातले गाव

भारतातील विजेचा इतिहास बहुधा धरणांचा, औष्णिक केंद्रांचा आणि विद्युत मंडळांचा म्हणून सांगितला जातो. जिथे खांब पोहोचले नाहीत तिथला इतिहास शोधायचा, तर कायद्याच्या परंतुकांत शिरावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांना हे वाचन परके वाटू नये. मुख्य विधान एक सांगते आणि 'परंतु'ने सुरू होणारे वाक्य त्याला मुरड घालते, हे आपल्या परिचयाचेच आहे.

१९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमानुसार, परवानाधारकाखेरीज अन्य कुणालाही सरकारच्या पूर्वसंमतीवाचून लोकांना वीज पुरवण्याचा व्यवसाय करता येत नसे. १९४८ च्या कायद्याने राज्य विद्युत मंडळांचा पाया घातला. या व्यवस्थेत वीज नसलेल्या गावाच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा आली. २००३ च्या विद्युत अधिनियमातील कलम १४ च्या आठव्या परंतुकाने तिला एक वाट काढून दिली : राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून वितरित करणाऱ्यास परवाना लागणार नाही, सुरक्षिततेचे नियम मात्र पाळावे लागतील. पुढे २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणाने अशा विजेचे दर परस्परसंमतीवर सोपवले.

परस्परसंमती हा शब्द भारदस्त खरा. पण ज्या गावात पुरवठादार एकच आणि त्याला पर्याय रॉकेलच्या चिमणीचा, तिथे संमतीला कितपत अर्थ उरतो? दुसऱ्या बाजूने, उद्या सरकारी तारा आल्या तर आपल्या यंत्रणेचे काय, याचे उत्तर पुरवठादारालाही कायद्यात सापडत नव्हते.

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावी हा प्रश्न उघडा पडला. सुमारे तीन दशके अंधारात राहिलेल्या या गावात २०१४ साली 'ग्रीनपीस'च्या पुढाकाराने १०० किलोवॅटची सौर यंत्रणा उभी राहिली. तरीही गावकऱ्यांनी मागणी केली ती 'असली बिजली'ची. पंखा-दिव्यापलीकडची उपकरणे चालतील अशी, सरकारी दराची वीज त्यांना हवी होती. लवकरच ती आली. सौर यंत्रणा ओस पडत गेली, आणि पुढे तिच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. 'असली' या एका विशेषणात नागरिकत्वाची केवढी आकांक्षा दडली होती, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. शहराला मिळते तीच वीज आपल्यालाही मिळावी, असे ते गाव म्हणत होते.

उत्तर प्रदेशाने २०१६ च्या लघुग्रिड धोरणात या दोन्ही पोकळ्या भरण्याचा प्रयत्न केला. अनुदानित प्रकल्पांनी ५० वॅटपर्यंतच्या भारासाठी रोज ८ तास वीज द्यावी आणि महिन्याला ६० रुपये घ्यावेत, असे ठरले. पूर्ण वापर धरला तर हे १२ युनिट, म्हणजे युनिटला ५ रुपये होतात. सरकारी तारा आल्यास पुरवठा चालू ठेवणे, वितरण कंपनीला वीज विकणे अथवा यंत्रणा हस्तांतरित करणे, असे मार्गही राज्य आयोगाच्या विनियमांनी आखून दिले.

२०१७ मध्ये 'सौभाग्य' योजना आली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावाला वीज मिळाली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण झाल्याचे सरकारने जाहीर केले. प्रतीक्षेचा अध्याय निदान कागदोपत्री संपला. पण सौरऊर्जेकडे वळणाऱ्या देशाला धरनईने विचारलेला प्रश्न टाळता येणार नाही. परंतुकाने परवान्याची अट काढली, तेव्हा परवान्याबरोबर येणारे पुरवठ्याचे उत्तरदायित्वही सुटले. ते कुणी घ्यायचे, हे मूळ कलमातच लिहिले जायला हवे.