बाणाचं टोक कशाचं? इनामगावच्या शिकाऱ्याची निवड

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे शिकारीचं काय काढलं! पण प्रश्न आजचाच आहे. हल्ली ट्रेकिंगला जाणारी मुलं रानात अडकल्यावर उपयोगी पडेल अशी एक छोटी डबी जवळ ठेवतात. तिच्यात काडेपेटी, दोरी, गळ, लहान सुरी असते, आणि काही जण पोलादी बाणाचं एखादं चपटं टोकही ठेवतात. कल्पना अशी की दांडी काय, रानात मिळेल. टोक तेवढं जवळ असावं. मग हे टोक कसलं घ्यावं, केवढं घ्यावं, यावर चर्चा रंगते.

आम्हाला वाटतं, या चर्चेत ज्यांना बोलवायला हवं ती माणसं आपल्या शिरूर तालुक्यातच राहत होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, घोड नदीच्या काठी, इनामगावात.

आधी जागा नजरेसमोर आणू. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. नदीकाठी काळी माती, तिच्यामागे मुरमाड माळ, खुरटं गवत, बाभळी-बोरी. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे बारा हंगाम इनामगावला उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष तिथे मिळाले. वस्तीचे तीन टप्पे त्यांनी मांडले: इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४०० माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० पूर्व जोर्वे, आणि १००० ते ७०० उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावावरून पडलं, कारण ही संस्कृती पहिल्यांदा ओळखू आली ती तिथे.

ही माणसं शेतकरी. सातू मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, वाटाणा. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळलेल्या. पण कचऱ्यात निघालेल्या हाडांमध्ये पाळीव जनावरांबरोबर हरणांचीही हाडं आहेत. म्हणजे शेती करता करता शिकार चालू होती.

आता आपला प्रश्न. या काळाला आपण ताम्रपाषाण युग म्हणतो. तांबं माहीत होतं, दगडही वापरात होता. तांब्याच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, गळ, बांगड्या, मणी आणि थोडी बाणांची टोकंसुद्धा या संस्कृतींच्या गावांमधून मिळाली आहेत. मग धातू हाताशी असताना माणसाने दगड टाकून द्यायला हवा होता, नाही का? तसं झालं नाही. तांब्याच्या वस्तू मोजक्या मिळतात, आणि गारगोटीच्या जातीच्या दगडाची, म्हणजे कॅल्सेडनीची, बारीक पाती मात्र ढिगाने मिळतात. त्यांतलं प्रत्येक पातं बाणाचं होतं असं कुणी समजू नये. बरीचशी विळ्याच्या, सुरीच्या कामाची. पण लाकडाच्या खाचेत डिंकाने बसवलं की तेच पातं बाणालाही चालतं.

ही पाती काढायची रीत बघण्यासारखी आहे. दगडाच्या गाभ्यावर आधी दोन्ही बाजूंनी टवके काढून एक नागमोडी कणा तयार करायचा. पहिलं पातं तो कणा घेऊन सुटतं आणि मागे सरळ कडा सोडून जातं. त्या कडेच्या आधाराने मग एकामागून एक, समांतर धारांची पाती निघत राहतात. मुठीएवढ्या दगडातून कितीतरी लांब धार मिळते.

दगडच का, याची कारणं सरळ आहेत. आपलं पठार बेसॉल्टचं. त्यात तांब्याचं खनिज नाही. तांबं लांबून, देवाणघेवाणीतून यायचं. कॅल्सेडनी मात्र याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार होते आणि नदीच्या गोट्यांमध्ये सापडते. शिवाय खनिजांचा कठीणपणा मोजायची जी दहाची पट्टी आहे, तिच्यावर तांबं ३ च्या आसपास आणि कॅल्सेडनी साडेसहा-सातच्या आसपास. दगडाची धार जास्त तीक्ष्ण. दोष एकच, तो ठिसूळ. हाडावर आपटला की तुटला. पण तुटला तर तुटला! नदीवर जायचं, दुसरा काढायचा. बाण ही वस्तूच हरवणारी. जनावर जखमी होऊन पळालं की टोकही त्याच्याबरोबर गेलं. हरवणाऱ्या कामाला लांबून आणलेलं तांबं कोण घालील?

आणि तांबं कुठे वापरलं? मासे धरायचा गळ घ्या. बारीक आणि वाकडा गळ ठिसूळ दगडाचा करायला गेलं तर टिकणार नाही. तिथे वाकवता येणारा धातू हवाच. इनामगावच्या परिसरातल्या वाळकीला तर गुरांच्या हाडाचा नांगराचा फाळ मिळाला. म्हणजे नांगराला हाड, धारेला दगड आणि जिथे दुसऱ्याने भागत नाही तिथे तांबं, अशी वाटणी. यात मागासलेपण नाही, चोख हिशेब आहे.

पुढे लोखंड आलं आणि हा हिशेब बदलला. विदर्भातल्या महापाषाणीय दफनांमध्ये कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि बाणांची टोकंही लोखंडाची आहेत. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. खनिज जवळ, भट्टी गावात, मग हरवणारं टोकही लोखंडाचं करणं परवडतं. उत्तर अमेरिकेत मूळ रहिवाशांना युरोपियन व्यापाऱ्यांकडून लोखंड मिळू लागलं, तेव्हा त्यांनी पिंपांच्या पट्ट्या कापून बाणाची टोकं केली. धातू बदलला, पण विचार तोच: जे सहज हाती येतं त्याचं टोक.

आता त्या डबीतल्या पोलादी टोकाकडे येऊ. नेमबाजीच्या दुकानातली टोकं बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन वजनाची, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. त्यांना मागे आटे असतात आणि ते कारखान्यात केलेल्या दांडीतच बसतात. रानातल्या काडीला त्यांचा काय उपयोग? त्यापेक्षा मागे चपटी, खाचा असलेली शेपटी असलेलं टोक बरं. काडी चिरायची, शेपटी आत सारायची, दोरीने आवळायचं. पोलादही असं हवं की साध्या दगडावर धार लागेल. पावसाळ्यात गंजू नये म्हणून तेलाचा हात. निवडीचा भाग एवढाच. इनामगावकराने काडी चिरून गारगोटी बसवली, त्याच्यापेक्षा यात फार वेगळं काही नाही.

पण मंडळी, खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. वाईट दिवस आले तेव्हा इनामगावला कशाने तारलं?

उत्तर जोर्वे काळात गावाची परिस्थिती घसरलेली दिसते. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली. पाऊस कमी झाला म्हणून हे घडलं आणि लोक शेळ्या-मेंढ्या, शिकार नि भटकंतीकडे वळले, असं ढवळीकरांनी मांडलं. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांचा अभ्यास केला. उत्तर काळात किडलेल्या दातांचं प्रमाण कमी आढळलं. धान्य कमी खाल्ल्याची ती खूण मानली जाते. पुढे २०११ च्या पुस्तकात ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हवामानबदलाच्या या मांडणीवरच प्रश्न उभे केले. त्यांनी लहान मुलांची हाडं तपासली, आणि त्यांत उपासमारीचा ताण दिसतो असं दाखवलं. कारण काहीही असो, त्रास खरा होता आणि तो पोरांच्या हाडांवर उमटला आहे. शिकारीची टोकं गावात होतीच. तरी सुमारे इसवी सनापूर्वी ७०० ला गाव उठलं. मधली तीनशे वर्षं लोक तगले ते एकट्या बाणावर नव्हे. सातू, शेळी, मासा, हरीण, रानमेवा, जे जमेल ते सगळं करून तगले.

याच माळावर पुढे शिकारीत नाव काढलं ते फासेपारध्यांनी. त्यांच्या नावातच फास आहे. उघड्या माळावर हरीण लांबूनच माणूस पाहतं, तिथे बाणापेक्षा दोरीचा फास कामाचा. तितर-लावेही त्यातच धरले जात. ज्या समाजाला या रानाची इतकी जाण, त्यालाच इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेने 'गुन्हेगार' ठरवलं. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ मध्ये. लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, हे शिरूर-दौंडकरांना वेगळं सांगायला नको.

आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट आणि चिंकारा दोघांनाही संरक्षण आहे. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेव्हा डबीतलं ते टोक आपल्या माळावर कुणावर चालवायचं नाही. ठेवायचंच असेल तर सुरीसारखं दोरी कापायला ठेवा. आणि आमचं ऐकाल तर त्याच्याआधी पाण्याची बाटली भरा, सावली कुठे मिळेल ते विचारून ठेवा आणि वाटेतल्या वस्तीवरच्या माणसांची ओळख करून घ्या. या कोरड्या मुलखात साडेतीन हजार वर्षांत माणूस तगला तो अशाच गोष्टींवर.

आता प्रश्न घेऊ.