सह्यगिरीवरील परदेशी बिऱ्हाडे

आपल्या ज्ञातीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा एका अर्थी बिऱ्हाडे हलविण्याचाच इतिहास होय. कोकणातील वाडी सोडून आपले आजे-पणजे मुंबईस आले, गिरगाव-परळच्या चाळींत त्यांनी दिवस काढले, आणि पुढे थोडी ऐसपैस जागा व मोकळी हवा मिळावी म्हणून त्यांपैकी अनेकांनी मुलुंडची वाट धरली. आता तिसरे स्थलांतर आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. आपली मुले-मुली परदेशी जातात, आणि तीही केवळ लंडन-न्यूयॉर्कसारख्या महानगरांतच नव्हे, तर जेथे चार महिने बर्फ पडते आणि मराठी सोडाच, इंग्रजी बोलणारा माणूसही क्वचितच भेटतो, अशा एखाद्या लहानशा डोंगरी गावीही जातात. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : त्या परक्या डोंगरात आपल्या मुलाचे घर होईल, की जन्मभर ते बिऱ्हाडच राहील?

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच सह्याद्रीकडे वळून पाहणे उद्बोधक ठरेल. कारण दोनशे वर्षांपूर्वी नेमकी याच्या उलट घटना येथे घडली. दूरदेशींची माणसे आपल्या डोंगरमाथ्यांवर राहावयास आली. त्यांतील काही स्वेच्छेने आली, काही बेड्या घालून आणली गेली. त्यांपैकी कोणाचे येथे घर झाले व कोणाचे बिऱ्हाडच राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ आपल्या शेजारच्याच डोंगरापासून करू. मुलुंडहून कर्जतकडे जाणारी गाडी धरली, की सव्वा-दीड तासात नेरळ येते, आणि समोर माथेरानचा सपाट माथा दिसू लागतो. इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे माथ्याच्या पलीकडील अंगास, चौक गावी मुक्कामास होते. तेथून ते वन ट्री हिलच्या बाजूने डोंगर चढले आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. साष्टी तालुका त्या काळी ठाण्याच्या अमलाखाली असल्याने मुलुंड आणि माथेरान यांचा कलेक्टर एकच होता. त्याच वर्षी मॅलेट पुन्हा वर गेले व त्यांनी राहण्याची सोय केली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची मर्जी या जागेवर बसली, आणि पाहता पाहता रानात बंगले उभे राहिले. इ. स. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली होतीच. लोहमार्ग कल्याणच्या पुढे सरकला तसा माथेरानचा प्रवास सुलभ झाला. शेवटी सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर व त्यांच्या चिरंजीवांच्या देखरेखीखाली नेरळपासून वर जाणारा दोन फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग बांधला गेला व १९०७ साली तो खुला झाला.

‘माथेरानचा शोध मॅलेटने लावला’ असे आपण शाळेत शिकलो. परंतु ज्या वाटांनी मॅलेट चढले व उतरले, त्या वाटा कोणी पाडल्या होत्या? धनगर, ठाकूर व कातकरी ही मंडळी त्या रानात गुरे चारीत, मध व लाकूडफाटा गोळा करीत पूर्वीपासून वावरत होती. ज्याला वाट ठाऊक असते त्याला शोध लावण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच बहुधा शोधकांच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

माथेरानच्या आधी पाव शतक हाच प्रकार महाबळेश्वरी घडला होता. इ. स. १८२४ मध्ये पीटर लॉडविक नावाचा कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी तो डोंगर चढून गेला. आज ज्याला लॉडविक पॉइंट म्हणतात तेथे त्याच्या स्मरणार्थ १८७४ साली त्याच्या मुलाने उभारलेला स्तंभ आहे, आणि या डोंगरांवर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय तो हाच, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. ‘युरोपीय’ हे विशेषण तेथे आहे हे बरेच झाले. कारण कृष्णेच्या उगमावरील देवालये त्याच्या कितीतरी शतके आधीपासून तेथे उभी होती, आणि इ. स. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवछत्रपतींनी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री.

लॉडविकनंतर साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी तेथे मुक्काम करण्यास आरंभ केला. त्यांच्या सूचनेवरून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी वर जाणारा उत्तम रस्ता बांधविला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ मध्ये वसाहतीचा पाया घातला, म्हणूनच त्या पेठेस माल्कम पेठ हे नाव पडले. इ. स. १८२९ च्या करारान्वये महाराजांनी हा डोंगर कंपनीस दिला व त्याच्या मोबदल्यात त्यांना वाई प्रांतातील खंडाळा हे गाव मिळाले. पाहुण्यास ओसरी दिली तर तो हळूहळू माजघरापर्यंत येतो, या आपल्या जुन्या अनुभवाचा प्रत्यय येथेही आला. अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनीने महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. ज्या राजाने परक्यांना डोंगरावर घर बांधू दिले, त्याला स्वतःच्या राज्यात मात्र बिऱ्हाडही उरले नाही. आपल्या इतिहासातील ही गोष्ट हवा खावयास जाणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावी अशी आहे.

या गौरकाय मंडळींचे महाबळेश्वरातील जीवन कसे होते? उन्हाळा आला की गव्हर्नर, त्यांचे दफ्तर, सचिव, त्यांची कुटुंबे व नोकरचाकर हे सारे वर जात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा एकवार मुक्काम पडे. चर्च, क्लब, बाजार, घोड्यांच्या रपेटी, विलायती फुलांच्या बागा, सर्व काही तेथे होते. जणू विलायतेचा एखादा तुकडाच साडेचार हजार फुटांवर आणून ठेवला होता. परंतु महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. जूनचे पहिले ढग प्रतापगडावरून वर सरकू लागले, की बंगल्यांना गवताचे झापे लागत, कुलपे पडत आणि सारी वस्ती खाली उतरे. वर राहत ते येथलेच लोक : डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणारे, गुरे राखणारे आणि साहेबाच्या बंगल्याची राखण करणारे. ज्या जागेचा पाऊस आपण भोगला नाही, ती जागा आपले घर झाली असे म्हणता येत नाही. लॉडविकचेच पाहा. ज्याच्या नावाचा स्तंभ सह्याद्रीच्या कड्यावर उभा आहे तो १८७३ साली नव्वद वर्षांचा होऊन वारला, तो फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बान्येर-द-बिगोर या लहानशा गावी. डोंगराची ओढ त्याला शेवटपर्यंत होती. परंतु तो डोंगर आपला नव्हता.

मात्र महाबळेश्वरी आणखी एक परदेशी वस्ती होती आणि तिला पावसाळ्यात खाली उतरण्याची मुभा नव्हती. सुमारे १८३४ पासून तेथे एक तुरुंग होता. मलाक्का-पिनांगकडील इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी समुद्र ओलांडून तेथे आणले जात. काळाचा उलटा न्याय असा, की त्याच सुमारास हिंदुस्थानातील कैदी त्या वसाहतींत पाठविले जात होते, आणि सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हे आपल्याकडील कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. इकडे महाबळेश्वरात चिनी कैद्यांनी उतारावरील जमीन खणली, पाणी खेळविले, बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. वेताच्या खुर्च्या व टोपल्या विणल्या. येथल्या शेतकऱ्यांनी ही बागाईत त्यांच्यापासून उचलली. इ. स. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. सुटका झालेल्यांपैकी काही जण बागकाम करीत तेथेच राहिले.

गव्हर्नरांची नावे कड्या-कड्यांना दिली गेली. या कैद्यांपैकी एकाचेही नाव कोणा पॉइंटला नाही. त्यांच्या बागेजवळील धबधब्याला ‘चायनामन्स फॉल’ म्हणतात, एवढेच काय ते स्मारक; आणि तेही माणसाचे नव्हे, तर जातीचे! तथापि डोंगराने त्यांना दुसऱ्या प्रकारे लक्षात ठेवले आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा त्या उतारांवरील बागाईतीची परंपरा देशभर गौरविली गेली. त्या परंपरेच्या मुळाशी बेड्या घातलेले ते हातही आहेत, याची जाणीव किती जणांस असेल?

तिसरे उदाहरण पाचगणीचे. महाबळेश्वर पावसाळ्यात ओस पडते, म्हणून बाराही महिने राहता येईल अशी जागा हवी होती. डोंगराच्या पूर्व अंगास, पर्जन्यछायेत असलेल्या पाचगणीस पाऊस पुष्कळच कमी पडतो. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व ताईघाट या पाच गावांच्या परिसरात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने १८६० नंतरच्या दशकात वस्ती वसविण्याचे कार्य हाती घेतले. त्याने सिल्व्हर ओकसारखी दूरदेशीची झाडे लाविली. आणि केवळ साहेबांचे बंगले बांधून तो थांबला नाही. शिंपी, परीट, भाजीवाले, खाटीक, बांधकाम करणारे अशा नाना व्यवसायांच्या लोकांना बोलावून त्याने बाजाराखालच्या अंगास त्यांस जागा दिली. पुढे तेथे शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, आणि पाचगणी हे केवळ हवा खाण्याचे ठिकाण न राहता गाव झाले. चेसन तेथेच मातीआड झाला. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. राज्यकर्त्यांच्या जातीचा असूनही हा माणूस पाचगणीचा झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

या तीन कथांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. परक्या डोंगरात घर होणे हे तेथील हवेवर, पगारावर किंवा बंगल्याच्या आकारावर अवलंबून नसते. आपण येण्यापूर्वी येथे कोण होते याची ओळख ज्याने करून घेतली, त्या मातीत ज्याने काही पेरले, आणि दुसऱ्यालाही जागा करून दिली, त्याचेच घर झाले. बाकीच्यांची नावे दगडावर राहिली. माणसे मात्र ऋतू संपताच खाली उतरून गेली.

हा निकष आपणांस स्वतःलाही लावून पाहिला पाहिजे. आज माथेरान-महाबळेश्वरी जाणारा साहेब विलायतेचा नसून मुंबईचा आहे. उतारावर ‘सेकंड होम’ घेणारे, शनिवारी चढून रविवारी उतरणारे ते आपणच. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली व माथेरानचा २००३ साली केंद्र सरकारला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला, तो नव्या बिऱ्हाडकरूंच्याच गर्दीमुळे. धनगराची वाट आपणही पुसून टाकीत नाही ना, हे एकदा तपासावयास हवे.

आणि परदेशी डोंगरात गेलेल्या आपल्या मुलांविषयी? त्यांना पत्र लिहाल, अथवा दूरध्वनीवर बोलाल, तेव्हा गणपतीला येणार की नाही, एवढेच विचारू नका. शेजारच्या म्हाताऱ्याचे नाव काय, तेथे कोणती भाजी पिकते, तेथील भाषेतील किती शब्द आले, आणि तेथील सर्वांत कठीण ऋतूत तुम्ही गावातच असता की नाही, हेही विचारा. आपल्या आजोबांनी मुलुंडास घर केले ते असेच. पावसाळ्यातल्या चिखलातून स्थानक गाठून, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून, आणि पुढच्याला जागा करून देऊनच. आपले हे ज्ञातिमंडळ तरी दुसरे काय आहे? नव्याने आलेल्यास ‘ये, बैस’ म्हणण्यासाठी आधी आलेल्यांनी राखून ठेवलेली ती एक ओसरी होय. आपली मुले जेथे असतील तेथे त्यांनीही अशी एक ओसरी राखावी, म्हणजे परमुलखातील बिऱ्हाडाचे घर झाल्यावाचून राहणार नाही.