जिऱ्याचे आरोग्य औषधाच्या बाटलीत नाही

मृगाचा पाऊस झाला की नांदेड-लातूरकडे कटला, रोहू, मृगळ यांच्या प्रजननाची धांदल सुरू होते. मत्स्यबीज केंद्रांवर तेव्हा एक समजूत हमखास ऐकू येते. अंड्यांवरचे जंतू मारले की जिरे (अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले) निरोगी निघणारच, म्हणून उबवणीच्या हौदात पोटॅशियम परमँगनेट किंवा फॉर्मेलिन सोडा. ही समजूत मला मान्य नाही.

आधी तिची बाजू नीट मांडली पाहिजे. अंडी निर्जंतुक करण्याला भक्कम आधार मिळाला तो समुद्री माशांच्या उबवणीत. नॉर्वेत हॅलिबटची अंडी सहा अंशांच्या आसपासच्या थंड पाण्यात जवळपास दोन आठवडे राहतात. तेवढ्या अवधीत कवचावर जिवाणूंचा दाट थर चढतो, म्हणून तिथे ती ग्लुटराल्डिहाइडने धुतात, आणि ते रास्तच आहे. पण रोहूचे अंडे 27-28 अंशांना 14 ते 18 तासांत फुटते. मेलेल्या अंड्यावर जम बसवून शेजारच्या जिवंत अंड्यावर चढायला बुरशीला एवढा वेळ सहसा पुरत नाही. सायप्रिनसची (कॉमन कार्पची) गोष्ट वेगळी. त्याची अंडी चिकट, पाणवनस्पतीला धरून राहणारी. थंडीत ती फुटायला दोन-तीन दिवस घेतात आणि तिथे बुरशी खरोखर घात करते. सायप्रिनसचा नियम रोहूला लावणे ही पहिली चूक.

मग रोहूचे जिरे मरते कशाने? पांढऱ्या वाडग्यात हौदातली थोडी अंडी घेऊन पाहा. फळलेले अंडे काचेसारखे स्वच्छ, फुगून चार-पाच मिलिमीटरचे झालेले, आत हलणारा जीव दिसणारा. न फळलेले दुधाळ, अपारदर्शक. अशी दुधाळ अंडी आणि पिल्ले बाहेर पडल्यावर उरलेली टरफले हौदातच कुजू लागतात, जाळीला चिकटून प्रवाह अडवतात, प्राणवायू ओढून घेतात. पोटातली पिवळी पिशवी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन दिवस, पिल्ले त्याच पाण्यात असतात. जिवाणू माजतात ते या कुजण्यावर. त्यांचे खाद्य तसेच ठेवून नुसते त्यांना मारत बसणे म्हणजे उकिरडा न हलवता माश्या मारणे. शिवाय फॉर्मेलिन स्वतःच पाण्यातला प्राणवायू खाते. तलावाच्या पाण्यातून येणारे सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव अंडी-पिल्लांवर तुटून पडतात. त्यांना अडवायला औषध नव्हे, पाणी येते त्या तोंडाशी बारीक कापड बांधावे लागते.

ज्या नॉर्वेचा दाखला दिला जातो, तिथेच 1990च्या दशकात ओलाव वाडस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक पाण्याची दुसरी बाजू दाखवली. जंतू मारलेले पाणी रिकामे राहत नाही. त्यात सगळ्यात आधी झपाट्याने वाढणारे, संधीसाधू जिवाणू घुसतात, आणि पिल्लांना धोका असतो तो बहुधा त्यांच्यापासूनच. म्हणून गाळणीतून मुरवलेले, सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंनी आधीच व्यापलेले पाणी त्यांनी अधिक सुरक्षित मानले.

म्हणजे औषधाऐवजी कुजके काढून हौदाचे पाणी वाहते ठेवणे हा उपाय. त्यावर सर्वांत वजनदार आक्षेप: मराठवाड्यात वाहते ठेवायला पाणी आहे कुठे? एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे हौद धुण्याची चैन कशी परवडणार? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पाणी कमी म्हणजे तेच पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून फिरवून वापरायचे. त्या गाळणीत अमोनिया पचवणारे जिवाणू असतात आणि औषध पहिल्यांदा त्यांच्याच मुळावर येते. पाणी जितके दुर्मीळ तितके औषध महाग पडते. त्यापेक्षा हौदात अंडी कमी सोडावीत, टरफले वेळेवर काढावीत, आणि बोअरचे पाणी असेल तर ते आधी फवाऱ्यातून सोडावे, कारण खोलवरच्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो.

उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. एकाच मादीची अंडी शेजारच्या दोन हौदांत वाटून, एकात औषध आणि दुसऱ्यात फक्त ही निगा ठेवून, चौथ्या दिवशी जिरे मोजावे. वाद तिथे सुटेल, आणि निकाल माझ्या विरुद्ध गेला तर मी तो मान्य करीन.

जंतुनाशकाला माझा सरसकट विरोध नाही. एक खेप निघाल्यावर रिकामा हौद, जाळ्या, हापे (जाळीचे पिंजरे) आणि नळ्या ब्लीचिंग पावडरने घासाव्यात, भरपूर पाण्याने धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. उन्हाची तर इथे फारशी टंचाई नसते.