पाऊलवाट आणि विजेचें चाक



नागपूरच्या आग्नेयेस कुही तालुक्यांत गेलांत, तर शेतांच्या बांधांमधून वळत जाणारी पांदण अजूनहि दृष्टीस पडते. ही वाट कोणा इंजिनियरानें आंखली नाहीं. ती बैलांच्या खुरांनीं आणि माणसांच्या पावलांनीं आंखली. मालगुजारीच्या काळीं अशा वाटांवरील वहिवाटीची नोंद गांवच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मध्यें होत असे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, पण ही नोंद गेली नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत १६५ व्या कलमानें तिला स्थान मिळालें. वाट ही जमिनीची नव्हे, तर तिच्यावरून जाणारांची असते, हा विचार त्या नोंदीच्या मुळाशीं आहे.

या पांदणीवर प्रथम पायीं चालणारा आला, मागून बंडी आली, नंतर सायकल व ट्रॅक्टर आले. आतां विजेवर चालणारी सायकलहि आली आहे. शेताच्या वाटेवर तिला कोण अडवणार? परंतु जी वाट केवळ पायांसाठीं राखून ठेवली आहे, तिच्यावर या सायकलीला जागा द्यावी काय? हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. आपल्याकडे त्याचा उत्तम इतिहास पाहावयाचा, तर माथेरानास गेलें पाहिजे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणला. १९०७ मध्यें नेरळहून वर छोटी आगगाडी सुरू झाली; पीरभॉय घराण्याच्या पैशावर बांधलेली ही गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारें एकवीस कि.मी. चढून जाते. गांवांत मात्र मोटारीला मज्जाव राहिला. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंत येतात. पुढें पाय, घोडा किंवा माणसानें ओढलेली रिक्षा असे. ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें माथेरान व त्याच्या भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हां या जुन्या शिस्तीला कायद्याचा आधार मिळाला.

तेथील तांबड्या मातीच्या वाटांवर झाडांच्या सांवलींत चालतांना जी शांतता अनुभवास येते, तिची थोरवी मी सांगावयास नको. पण या शांततेची किंमत कोण देत होतें? एक मनुष्य पुढें ओढतो, इतर मागून ढकलतात, आणि आंत एक धडधाकट गृहस्थ बसलेला असतो! धूर नाहीं, आवाज नाहीं. ऐकूं येते ती फक्त ओढणाराची धाप. यंत्राला बंदी करून आपण माणसालाच यंत्र केलें, हें पुष्कळांच्या लक्षांतहि आलें नाहीं.

अखेर गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १२ मे २०२२ रोजीं न्यायालयानें ई-रिक्षांचा प्रयोग करून पाहण्यास अनुमति दिली व त्याच वर्षींच्या डिसेंबरांत तो सुरू झाला. घोडेवाल्यांनीं विरोध केला. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि तोहि खोटा नव्हता. पुढें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं, आपल्या विदर्भाचेच असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानें हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचा आदेश दिला. सरकारनें ई-रिक्षा विकत घेऊन त्या ओढणारांनाच भाड्यानें द्याव्या, आणि पैसा नाहीं ही सबब सांगूं नये, असेंहि बजावलें. याच निकालांत दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर फरसबंदीस संमति मिळाली. गांवांतील अंतर्गत रस्त्यांवर व गिरिभ्रमणाच्या वाटांवर मात्र मिळाली नाहीं. माझ्या मतें खरी मेख येथेंच आहे.

आतां सायकलीकडे वळूं. आपल्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांप्रमाणें जिची शक्ति पाव किलोवॉटहून कमी, वेग ताशीं २५ कि.मी.हून कमी, आणि बॅटरीवांचून वजन ६० किलोंपेक्षां अधिक नाहीं, ती विजेची सायकल ‘मोटार-वाहन’ ठरत नाहीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ती मोटार नव्हे. पण साधारण मनुष्य तासभर सायकल चालवितांना सुमारें शंभर वॉट शक्ति खर्च करतो. पाव किलोवॉट म्हणजे त्याच्या जोडीला आणखी दोन माणसें पायडल मारीत आहेत असें समजावें. मग तिला साधी सायकल तरी कसें म्हणावें?

अमेरिकेंत हाच घोळ झाला. तेथील इंटीरियर खात्यानें २०१९ मध्यें अशा सायकलींना साध्या सायकलींच्या वाटा मोकळ्या करण्याचें धोरण स्वीकारलें; उलट तेथील वनसेवेनें २०२२ मध्यें त्यांना मोटार-वाहनांतच गणलें. एकाच देशांत, एकच सायकल, एका खात्याच्या जमिनीवर सायकल आणि दुसऱ्याच्या जमिनीवर मोटार!

या घोळाचें कारण असें कीं, दोन्ही पक्ष वाहनाकडे पाहतात. वाटेकडे कोणी पाहत नाहीं. वाट कशासाठीं राखली, हें आधीं विचारावें. दस्तुरी नाक्याहून गांवांत जाणारा रस्ता आजाऱ्याला, शाळेच्या मुलाला, ओझें वाहणाराला हवा आहे. तेथें विजेचें चाक म्हणजे माणुसकी आहे. परंतु पॉइंटांकडे जाणारी अरुंद पाऊलवाट ही कोठें लौकर पोहोंचण्यासाठीं नाहींच. तेथें पाठीमागून निःशब्द येणारें चाक म्हाताऱ्या पादचाऱ्यास दचकविणार, घोड्यास बुजविणार. निराधार वृद्धास किंवा अपंगास तेथें न्यावयाचें असल्यास त्यांच्यापुरती सवलत जरूर ठेवावी. पण अपवादाच्या आडून धडधाकटांची रांग शिरूं देऊं नये.

कुहीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचें अभयारण्य आहे. तेथील वाटा तर मनुष्यांच्याहि नव्हेत. रानाच्या मूळ रहिवाशांच्या आहेत. आवाज न करणारें चाक वाघाला अधिक सोयीचें, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. जंगलांत चाहूल देऊन जाणें हीच सभ्यता.

पांदण मोकळी असावी, रस्ता दयाळू असावा आणि पाऊलवाट पावलांची राहावी. हातरिक्षा ओढणाराच्या खांद्यावरचें ओझें उतरविण्यासाठीं आलेली वीज आपल्या आळसाच्या दिमतीस लागली, तर तो त्या खांद्यांचाहि अपमान होईल.