पागडीचा हिशेब

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत भाडेपावत्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या, महिना १८ रुपये. पागडीची पावती मात्र त्यात नव्हती आणि असणारही नव्हती. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम १८ प्रमाणे खोली देताना मालकाने अशी वरकड रक्कम घेणे हा गुन्हा होता. मालकाने ती घेतली, आजोबांनी दिली, आणि दोघेही गप्प राहिले. कोलकात्यात हिलाच सलामी म्हणतात. शब्द दोन्हीकडे मानाचे, व्यवहार दाराआडचा.

या चाळी मुळात गुंतवणूक म्हणूनच बांधल्या गेल्या होत्या. व्यापारात, दलालीत कमावलेला पैसा सागवानी सांगाड्यात, विटांत आणि मंगलोरी कौलांत घालायचा आणि भाड्याने तो सावकाश वसूल करायचा, असे ते गणित होते. त्या भाड्यातूनच डागडुजीही होई. पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली मुंबईत भाड्यांवर कायद्याने लगाम आला, पुढे तो सुटलाही. दुसऱ्या महायुद्धातला लगाम मात्र सुटला नाही. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले. युद्ध संपले, रेशनकार्डांचे रंग बदलले, आमचे १८ रुपये तसेच राहिले.

मग जुन्या घराला पैसा पुरवणार कोण? माझ्या मते पागडी हे त्याचे चोरटे उत्तर होते. मालकाला एकरकमी भांडवल मिळे, भाडेकरूला जवळजवळ मालकासारखा ताबा. खोली दुसऱ्याला देताना मालकाचा वाटा, प्रथेप्रमाणे साधारण एक तृतीयांश. बिनव्याजी, बिनकागदी कर्जच म्हणा. फक्त त्यातला रुपया कौलांपर्यंत पोचेल अशी सक्ती कुणावर नव्हती, आणि आमच्याकडे तो पोचलाही नाही.

१९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळ आले आणि मालमत्ता कराबरोबर उपकर सुरू झाला. १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, म्हणजे आमची चाळही. मंडळाची माणसे आली ती मला आठवतात. सामायिक संडासाच्या गळक्या नळाशेजारची तुळई टोकाला कुजून भुसा झाली होती. आधी लाकडी टेकू लागले. चार पावसाळे आम्ही त्या टेकूंना कपडे वाळत घातले. मग लोखंडी गर्डर आला, चुन्याच्या जागी सिमेंट आले, आणि सज्जाचा नक्षीदार कठडा एका दुपारी भंगारात गेला. घर पडले नाही, एवढे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे.

१९८६मध्ये म्हाडा कायद्यात नवे प्रकरण जोडले गेले. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत संपादन करता येणार होती. आमच्या खोल्यांचे झाले १,८०० रुपये! चाळीच्या चौकात सभा झाली, माणसे हसत होती. वरच्या मजल्यावर मालकाच्या विधवा सूनबाई राहत. त्यांच्या खोलीत आमच्यापेक्षा जास्त गळत असे, आणि आम्हा सगळ्यांचे भाडे मिळून त्यांचे वीजबिल जेमतेम भागे. आजोबांनी सही केली नाही. बाबांनी त्यांना महिनाभर बोल लावले. सत्तर टक्के भरलेच नाहीत.

पुढचे कोर्टाने लिहिले. गोठवलेली भाडी अवाजवी झाली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये म्हटले. १९९९च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. १८ रुपयांवर ती होते ७२ पैसे. त्याच कायद्याने पागडीही राजरोस केली. शंभरपटीच्या तरतुदीविरुद्ध मालक लढत राहिले. त्या वादात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये बहुमताने सांगितले, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

तोवर आम्ही तिथे नव्हतो. मला खोल्या नीट करून घ्यायच्या होत्या, पण मालकी नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारले. पुनर्विकासाची चाहूल लागलेला एक गिऱ्हाईक आला आणि आम्ही भाडेहक्क विकला. सूनबाईंच्या मुलाने आपला तिसरा हिस्सा चेकने घेतला आणि न मागता पावती दिली. ती मी आजोबांच्या गठ्ठ्यात, सर्वांत वर ठेवली आहे.