डांगातली मोगलाई

'इथे काय मोगलाई लागून गेली आहे का?' हा प्रश्न आपण मराठी माणसे सहज विचारतो. मोगलाई म्हणजे बेबंदशाही, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी स्थिती. दख्खनच्या पठारावर या शब्दाला हा अर्थ का चिकटला, ते सांगायला नको. पण सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, बागलाणातल्या साल्हेर-मुल्हेरच्या पश्चिमेस, एक अरण्यप्रदेश असा आहे की जिथे हाच शब्द हरवलेल्या सुखाचे नाव म्हणून उच्चारला जातो. तो प्रदेश म्हणजे डांग. तिथले वृद्ध मोगलाईविषयी बोलत ते 'तेव्हा कोणी अडवणारे नव्हते' अशा सुरात.

अजय स्कारिया या इतिहासकाराने डांगातल्या भिल्लांकडून आणि इतर आदिवासींकडून वाडवडिलांच्या कथा ऐकून घेतल्या आणि त्यांच्या आधारे १९९९ मध्ये 'हायब्रिड हिस्टरीज' हा ग्रंथ सिद्ध केला. या कथांना डांगी बोलीत 'गोठ' म्हणतात. आपली 'गोष्ट'च ती, फक्त ष्टकार झिजलेला. मात्र आपण गोष्ट म्हणताना 'ती खरी असेलच असे नाही' हे गृहीत धरतो, तसे वाडवडिलांच्या गोठीचे नाही. ती घडलेल्याचे कथन म्हणूनच सांगितली आणि ऐकली जाते.

या गोठींत भूतकाळाचे दोन भाग पडतात : मोगलाई आणि मांडिणी. मोगलाईत माणूस हवे तिथे वस्ती करी, जमिनीचा कस उतरला की गाव उचलून दुसरीकडे नेई, फांद्या तोडून-जाळून त्या राखेत नागली आणि वरई पेरी. भिल्ल राजे घाट उतरून किंवा चढून सपाटीवरच्या गावांतून 'गिरास' वसूल करीत. सपाटीवरून पाहिले तर ती लूट होती, जंगलातून पाहिले तर तो हक्क होता. मांडिणीत हद्दी आखल्या गेल्या, राखीव जंगल आले, जंगलखात्याचा शिपाई आला. 'मांडणे' या आपल्याच क्रियापदाचे हे नाम, पण आपल्या मांडणीत जी नीटसपणाची छटा आहे ती तिथे नाही. तिथे मांडणे म्हणजे कोणीतरी येऊन आपल्या पायांखाली रेघ ओढणे.

आता दप्तरातला इतिहास पाहू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी उभारलेल्या भिल्ल पलटणीचा नायक जेम्स औट्रम याने १८३० मध्ये डांगात फौज घातली. या स्वारीमागे सपाटीवरच्या महसुलाची काळजी होती. पण लवकरच इंग्रजांचे लक्ष सागाकडे वळले. जहाजबांधणीला साग हवा होता, मलबारचा साग सरत आला होता आणि डांग तर सागाने भरलेला. १८४२ मध्ये राजांशी करार होऊन जंगले इजाऱ्याने इंग्रजांकडे गेली. पुढे १८६२ मध्ये करारांचे नूतनीकरण झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राखीव जंगलाच्या रेषा प्रत्यक्ष जमिनीवर उमटल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात डांगात वारंवार उठाव झाले. सरकारी कागदांत त्यांची नोंद दंगे म्हणून आहे.

दोन्ही कथने शेजारी ठेवली की काळाचा मेळ बसत नाही. दप्तराच्या हिशेबाने जंगल १८४२ मध्ये गेले. गोठीच्या हिशेबाने मोगलाई त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच राहते, गोऱ्या साहेबाचे जाणे-येणे सुरू झाले तरी ती संपत नाही. शाळेत शिकलेल्या इतिहासाची सवय असलेला वाचक इथे म्हणेल, लोकस्मृतीत सनावळ्यांचा घोटाळा असायचाच. मला हे मान्य नाही. सहीशिक्क्याने सत्ता बदलली असे दप्तर मानते, कारण कागद हाच त्याचा पुरावा आणि तीच त्याची दृष्टी. ज्याच्या कुऱ्हाडीला अजून कोणी हटकलेले नाही, त्याच्या लेखी १८४२ मध्ये काहीही घडलेले नाही. हटकणारा आला तेव्हा मांडिणी आली. गोठ सन सांगत नाही हे खरे, पण सत्ता घरापर्यंत नेमकी केव्हा पोचली हे ती दप्तराहून अधिक काटेकोरपणे सांगते.

रेघेबद्दल आणखी एक. डांगात आणि लगतच्या सुरगाणा-कळवण भागात गावाच्या शिवेवर वाघदेवाचे लाकडी किंवा दगडी खांब दिसतात. त्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. म्हणजे हद्द ही कल्पना डांगाला परकी नव्हती. पण वाघदेवाची शीव ओलांडायला बंदी नसते. तिथे थांबून नारळ किंवा कोंबडे द्यायचे, वाघाने गुरांना आणि माणसांना सांभाळावे असे मागायचे आणि पुढे जायचे. जंगलखात्याच्या रेघेशी असा व्यवहार शक्य नव्हता. (कित्येक दशकांपूर्वी डांगातून वाघ नाहीसा झाला. वाघदेव उभा आहे.)

आपल्या भाषेचाही या इतिहासात हात आहे, आणि तो फारसा निर्मळ नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात डांगी ही खानदेशीच्या पोटात घातली होती. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात आला आणि डांगी मराठीची की गुजरातीची, हा वाद पेटला. १९४९ मध्ये बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी डांगाचा दौरा केला. मराठी पक्षाने विभक्तिप्रत्यय मोजले, गुजराती पक्षाने शब्दसंग्रह. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या आपल्या आठवणींत डांग हा 'गमावलेला' मुलूख म्हणून येतो. त्या बोलीत लोक काय सांगतात याची विचारपूस मात्र दोन्हीकडच्या थोड्यांनीच केली. बोली कोणाची, यावर भांडणाऱ्यांना गोठींची गरज नव्हती.

कोकणा लोकांची थाळीकथा याच उपेक्षेत राहिली. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करायची, ती बोटांनी ओढत राहायची आणि त्या अखंड घुमणाऱ्या सुरावर रात्रभर कथा सांगायची. रामाची कथाही अशीच सांगितली जाते, आणि तिच्यातली माणसे डांगातल्या माणसांसारखी वागतात. अलीकडे मात्र वेगळी रामकथा डांगात आली आहे. सुबीरजवळ शबरीचे मंदिर झाले, फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे शबरी कुंभ भरला. डांग म्हणजे रामायणातले दंडकारण्य, हे आता पर्यटनाच्या माहितीतही वाचायला मिळते. श्रद्धेविषयी तक्रार नाही. पण शबरी आली की डांगी माणसाला एकच भूमिका उरते, बोरे हाती घेऊन वाट पाहण्याची. गिरास वसूल करणारा, गाव उचलून नेणारा, साहेबाशी घासाघीस करणारा पूर्वज त्या चित्रात बसत नाही.

होळीच्या आधी आहव्याला दरवर्षी डांग दरबार भरतो. पाच भिल्ल राजांची सजवलेल्या बग्ग्यांतून मिरवणूक निघते आणि त्यांना सरकारकडून सालियाना दिला जातो. १९७१ मध्ये देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले, हा तेवढा चालू राहिला. वर्तमानपत्रे दरवर्षी रकमेचा तोकडेपणा आणि राजांची साधी घरे यांवर एक कौतुकमिश्रित बातमी छापतात. सरकारी भाषेत ते निवृत्तिवेतन. मला तो प्रसंग गोठीच्या भाषेत वाचावासा वाटतो : सपाटीवरून माणसे आली आहेत, घाट चढून, आणि गिरास चुकता करीत आहेत.