ज्याचा दाखला त्याचीच सही

आमच्या पिढीचं निम्मं तारुण्य गॅझेटेड ऑफिसर शोधण्यात गेलं. मॅट्रिकच्या मार्कलिस्टची खरी नक्कल करून घ्यायची, तर खाली हिरव्या शाईत एका गॅझेटेड ऑफिसराची सही आणि त्यावर गोल शिक्का हवा. गंमत अशी, की ज्या माउलीनं मला जन्माला घातलं तिची सही चालत नसे, ज्या मास्तरांनी सात वर्षं छड्या मारल्या त्यांची चालत नसे, आणि ज्या गृहस्थानं मला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, सही करतानासुद्धा मान वर करून पाहिलं नाही, त्याची मात्र चाले! बँकेत खातं उघडायला गेलं तर तिथं ‘ओळख देणारा’ लागे. म्हणजे पैसे आपले, ते ठेवायचे त्यांच्याकडे, आणि संशय आपल्यावर.

पुढं सरकारला उपरती झाली. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारनं आपल्या खात्यांना सांगून टाकलं, की आता माणसानं आपल्या कागदावर आपणच सही केली तरी पुरे. ज्याचा कागद त्याचीच सही! मला वाटलं, सुटलो. पण नेमक्या याच वर्षांत आपल्या खिशातला टेलिफोन उलट्या दिशेनं निघाला होता. तो म्हणत होता, स्वतःच्या सहीचा कागद? फेकून द्या तो.

हे मला कळलं ते आमच्या भाच्यामुळे. तो पुण्याला एका कंपनीत मोबाइलची ॲपं करतो. एका रविवारी जेवायला आला तो लॅपटॉप आणि दोन फोन घेऊनच. वरणभात कालवता कालवता मध्येच एका फोनकडे बघून म्हणाला, ‘‘मामा, सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट आहे, म्हणून घेत नाहीये.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, सरकारसुद्धा घेतं आता!’’

‘‘सरकार घेत असेल. अँड्रॉइड नाही घेत.’’

त्यानं मग मठ्ठा येईपर्यंत मला जे समजावलं, आणि नंतर मी जे वाचून काढलं, त्याचा इतिहास आपल्या हिरव्या शाईच्या इतिहासापेक्षा मुळीच कमी रंगतदार नाही.

१९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकन विद्वानांनी अशी युक्ती काढली, की प्रत्येकानं आपली एक किल्ली उघड्यावर टांगून ठेवावी आणि दुसरी गुपचूप स्वतःजवळ ठेवावी. उघड्या किल्लीनं कुणीही कुलूप लावावं, उघडायचं मात्र मालकानंच. आता ही उघडी किल्ली अमक्याचीच आहे हे ओळखायचं कसं? त्यांचं म्हणणं, टेलिफोन डिरेक्टरीसारखं एक सार्वजनिक पुस्तक ठेवा. त्यावर १९७८ साली एम.आय.टी.तल्या लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या पदवीच्या प्रबंधात सुचवलं, की दरवेळी पुस्तक कोण चाळत बसणार? त्यापेक्षा एका विश्वासू माणसाच्या सहीचा दाखलाच प्रत्येकाच्या हातात देऊन टाकावा. म्हणजे गॅझेटेड ऑफिसरच की! आम्ही बाजारात हिंडून जे शोधत होतो, ते या पोरानं पदवीच्या वर्षात शोधून काढलं.

दाखल्याचा नमुना १९८८ साली ठरला. त्याला नाव दिलं एक्स ५०९, ज्यावरून तो कचेरीतूनच आला हे कुणीही ओळखावं. १९९५ च्या सुमारास नेटस्केपवाल्यांनी ब्राउझरमध्ये हे सगळं बसवलं, आणि त्याच वर्षी व्हेरिसाइन नावाची कंपनी पैसे घेऊन दाखले देऊ लागली. तुमच्या फोनमध्ये आज अशा शंभरच्या वर दाखलेदारांची यादी कंपनीनं आधीच भरून दिलेली असते. समोरच्या सर्व्हरनं दाखला दाखवला, की फोन सही बघतो. सही या यादीतल्या कुणाची, किंवा त्यानं नेमलेल्या कुणाची असेल, तर या बसा. नसेल तर दार बंद.

मी भाच्याला विचारलं, ‘‘पण मग त्या सगळ्यांत वरच्या दाखलेदाराच्या दाखल्यावर कुणाची सही?’’

तो जरा थांबला. म्हणाला, ‘‘त्याची स्वतःचीच.’’

अस्सं! म्हणजे मुळाशी गेलं की तिथंही सेल्फ साइन्डच. फरक इतकाच, की त्याचं नाव यादीत आहे आणि आमच्या भाच्याचं नाही. हा न्याय मला फार ओळखीचा वाटला.

बरं, यादीतले लोकही काय धुतल्या तांदळासारखे निघाले असं नाही. २०११ साली डिजिनोटार नावाच्या हॉलंडातल्या दाखलेदाराच्या कचेरीत चोर शिरला आणि त्यानं पाचशेच्या वर खोटे दाखले फाडून घेतले, त्यांत एक गूगलच्या नावाचा. त्या जोरावर इराणातल्या लाखो लोकांच्या टपालावर डोळा ठेवला गेला. एका इराणी माणसाच्या ब्राउझरनं कुरकुर केली म्हणून बिंग फुटलं; महिन्याभरात कंपनीचं दिवाळं. आणि आपण मागं कसे राहू? जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या दाखलेखात्यातून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाल्याचं गूगललाच आढळलं. त्या खात्याचे अधिकार दुसऱ्या दिवशीच काढून घेतले गेले. ज्या सुमारास सरकार आपल्याला म्हणत होतं ‘तुमची सही पुरे’, त्याच सुमारास सरकारी शिक्क्याची ही अवस्था!

पण आमच्या भाच्याचा प्रश्न चोराचा नव्हता. त्याचा सर्व्हर म्हणजे मांडीवरचा लॅपटॉपच. त्याचा पत्ता १९२ नं सुरू होणारा, घरातल्या घरात चालणारा. असल्या पत्त्याला बाहेरचा कुठलाही दाखलेदार दाखला देत नाही, कारण तोच पत्ता घरोघरी असतो. ‘मागची खोली’ या पत्त्यावर पोस्टमननं पत्र द्यावं तसं ते व्हायचं. मग मुलं दोन मिनिटांत आपलाच दाखला बनवतात आणि खाली आपणच सही ठोकतात.

ब्राउझरमध्ये हे खपतं. तो लाल अक्षरांत ओरडतो, पण कोपऱ्यात एक चोरवाट ठेवतो. ‘तरीही जायचंय’ म्हटलं की सोडतो. भाच्याचं ॲप मात्र हायब्रिड. हायब्रिड म्हणजे आत वेबपान आणि वरून ॲपची खोळ. २००८ साली फोनगॅपवाल्यांनी ही चाल रूढ केली. पुढं तिचं नाव कॉर्डोवा झालं, ते त्यांची कचेरी व्हँकूव्हरच्या कॉर्डोवा रस्त्यावर होती म्हणून. (आपल्याकडे असतं तर ‘टिळक रोड’ झालं असतं.) या खोळीत ब्राउझर असतो, पण त्याला तोंड नसतं. दाखला नापसंत पडला की तो ओरडत नाही, वाट दाखवत नाही. नुसतं पांढरं पान दाखवून बसतो. रुसलेल्या जावयासारखा. काय बिनसलं ते सांगणार नाही, पण जेवणार नाही!

यावर एक जालीम औषध फार दिवस चालत आलं आहे. फोन ज्या ठिकाणी विचारतो, ‘दाखला संशयास्पद आहे, काय करू?’ तिथं एक ओळ लिहायची: प्रोसीड. म्हणजे, सोड. कुणीही येवो, सोड. पांढरं पान जातं, ॲप दिसू लागतं, साहेब खूश होतात. २०१२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्गच्या संशोधकांनी साडेतेरा हजार अँड्रॉइड ॲपं तपासली, तेव्हा १०७४ ॲपांत दाखले तपासण्याचं काम असं ढिलं असण्याची शक्यता दिसली. त्यांतली शंभर हातानं तपासली, तर एक्केचाळीस जणांत मधल्यामधे बसून चोरी करता आली. २०१६ पासून गूगलनंही असली ओळ सापडली की ॲप दुकानात घ्यायला नकार द्यायला सुरुवात केली.

भाच्याच्या कंपनीतही ती ओळ होतीच. कॉर्डोवा तपासणीच्या प्रतीत असल्या दाखल्याकडे काणाडोळा करतो, पण पक्क्या प्रतीत करत नाही. त्यामुळे पक्की प्रत चाचणीला घेतल्यावर पुन्हा पांढरं पान आलं. वैतागून कुणीतरी ती ओळ थेट आत घातली. चाचणी झाली. ओळ राहिली. आणि ॲप कशाचं, तर एका पतपेढीचं. खातेदार बहुतेक पेन्शनर, म्हणजे माझ्यासारखेच, एस.टी. स्टँडवरचं फुकट वायफाय दिसलं की चहापेक्षा त्याला आधी हात घालणारे.

ॲप बाहेर पडायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यातल्या एका मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं ‘ही आपली पतपेढी’ असं लिहिलेला एक निखालस खोटा दाखला घरीच बनवला आणि फोन त्याच्याशी जोडला. ॲपनं त्याला वाकून नमस्कार केला आणि पासवर्ड हातात ठेवला. त्या रात्री कुणी घरी गेलं नाही म्हणे.

आता ते नीट करतात. कंपनीनं आपलाच एक छोटा दाखलेदार बनवला आहे. त्याचं नाव फक्त चाचणीच्या फोनांत घालायचं. तेही सोपं नाही. २०१६ च्या सातव्या अँड्रॉइडपासून मालकानं हातानं घातलेल्या दाखलेदाराला ॲपं विचारत नाहीत; ॲपबरोबर एक चिठ्ठी जोडून सांगावं लागतं, की फक्त चाचणीच्या प्रतीत याला मान. पक्की प्रत ती चिठ्ठी वाचतच नाही, त्यामुळे विसरायची सोयच उरली नाही. आयफोनमध्ये २०१७ पासून दाखलेदार आत घालून भागत नाही, सेटिंगच्या तळघरात जाऊन त्याच्यापुढचं बटण वेगळं दाबावं लागतं. आणि पक्क्या प्रतीची चाचणी घ्यायची तर खरं नाव विकत घेऊन लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचा दाखला घ्यायचा. ती २०१५ पासून दाखले फुकट देते. फुकट! आम्ही एका शिक्क्यासाठी शिपायाला चहा पाजत होतो.

तर अशा एका चाचणीच्या फोनवर अँड्रॉइड कायमची एक सूचना दाखवत राहतो, की या नेटवर्कवर कुणाची तरी नजर असण्याची शक्यता आहे. भाचा आंघोळीला गेला असताना ती आमच्या ताईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, नजरेला पडली. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि फोन जागेवर ठेवला.

‘‘शक्यता काय,’’ ती म्हणाली, ‘‘आहेच.’’